घर, गाव आणि स्थलांतर : बीड जिल्ह्यातील घरांतून व्यक्त होणारी ओळख, ओढ आणि आपलेपणा

सारांश

बीड जिल्ह्यातील ग्रामीण घराचे स्वरूप गेल्या पन्नास-साठ वर्षांत मातीच्या माळवदाकडून सिमेंटच्या स्लॅबकडे बदलत गेले आहे. या बदलाचा विचार बहुधा ‘कच्चे घर’ आणि ‘पक्के घर’ अशा दोन शासकीय वर्गांत केला जातो. तथापि घर हे कुटुंबाच्या सामाजिक स्थानाचे, गावाशी असलेल्या नात्याचे आणि अपेक्षांचेही द्योतक असते. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे वर्षातील पाच-सहा महिने ऊसतोडणीसाठी बाहेर असतात. घर बांधण्यासाठी घर सोडावे लागणे ही त्यांच्या जीवनातील मूलभूत विसंगती आहे. प्रस्तुत लेखात माळवद, गढी, गावकुसाबाहेरील वस्ती, ऊसतळावरील कोपी आणि स्लॅबचे घर या रूपांच्या आधारे ओळख, ओढ आणि आपलेपणा या तीन अंगांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पांढरी, माळवद, गढी, गावठाण, कोपी, ऊसतोड स्थलांतर, घरकुल.

१. प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या त्रयीत घराची गणना केली जाते. परंतु निवारा आणि घर हे शब्द समानार्थी नाहीत. ऊसतोडणीच्या तळावर उभारलेली पाचटाची कोपी हा निवारा असतो. त्याच कुटुंबाने कुलूप लावून मागे ठेवलेल्या दोन खोल्या म्हणजे त्याचे घर असते. कुटुंब कोपीत राहते, मात्र पत्ता सांगताना त्या दोन खोल्यांचा सांगते. राहण्याची जागा आणि आपली म्हणून सांगण्याची जागा यांत पडलेले हे अंतर समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घराच्या अर्थाचा विचार ज्ञानशाखांना नवीन नाही. फ्रेंच विचारवंत गास्तों बाशलार यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घर आणि स्मृती यांच्या नात्याची मांडणी केली. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी अल्जेरियातील कबाईल समाजाच्या घराचा अभ्यास करून घराची अंतर्गत रचना समाजाची रचना कशी प्रतिबिंबित करते, हे दाखवून दिले. मराठीत त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने गावाची वस्ती, वतने आणि व्यवहार यांचे जे चित्र रेखाटले, त्यातूनही घर आणि सामाजिक स्थान यांचा संबंध ध्यानात येतो. ही दृष्टी घेऊन बीड जिल्ह्याकडे पाहिल्यास आणखी एक बाजू पुढे येते. येथील घर समजण्यासाठी ते कसे बांधले आहे याबरोबरच त्यात वर्षातील किती महिने माणसे राहतात, हेही पाहावे लागते.

बीड जिल्ह्याचा उत्तर भाग गोदाकाठच्या काळ्या जमिनीचा आहे, तर दक्षिण व पश्चिम भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार इतकी होती. पाऊस बेभरवशाचा, जमीन बहुतांशी कोरडवाहू आणि उद्योग तुरळक अशा स्थितीत १९७२ च्या दुष्काळानंतर ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर वाढत गेले. विशेषतः आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतील घरांचा विचार या स्थलांतराला वगळून करता येत नाही.

२. काळी, पांढरी आणि घर

मराठी ग्रामजीवनात जमिनीचे दोन अर्थपूर्ण भेद आहेत. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. शतकानुशतके मनुष्यवस्ती झाल्याने, राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती एकमेकांत मिसळत गेल्याने गावठाणातील माती फिकट रंगाची होते. म्हणून ‘पांढरी’ हा शब्द मातीचा वाचक असतानाच गावाचाही वाचक झाला. ‘काळी-पांढरी’ असा उच्चार केला म्हणजे शेत आणि गाव मिळून संपूर्ण ग्रामजीवन त्यात येते.

घराच्या दृष्टीने या शब्दाला विशेष महत्त्व आहे. माळवदाच्या छतावर आणि भिंतींच्या लिंपणासाठी हीच पांढरी माती वापरली जात असे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे ती छतासाठी निरुपयोगी ठरते. चिकट, खारवट पांढरी माती चोपून बसवली की पाणी सहसा झिरपू देत नाही. म्हणजेच पूर्वजांच्या पडलेल्या घरांची माती नव्या घराच्या छतावर येत होती. गावाशी असलेले नाते भावनेपुरते नव्हते. ते बांधकामाच्या साहित्यातच सामावलेले होते. सिमेंट, सळई आणि विटा बाहेरून विकत आणल्या जाऊ लागल्या, तेव्हा हे नाते प्रथमच तुटले.

३. माळवद : धान्याभोवती रचलेले घर

मराठवाड्यातील पारंपरिक घर म्हणजे माळवद. काळ्या दगडाचे जोते, दगडमातीच्या किंवा मातीच्या भेंड्यांच्या जाड भिंती, लाकडी खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर अंथरलेल्या लाकडी चिरफळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. उजेडासाठी आणि चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी छताला ‘साणे’ ठेवलेले असते. पावसाळ्यापूर्वी छतावरील गवत काढून नवी माती टाकणे आणि धुमसाने चोपणे हे दरवर्षीचे काम असे. पर्जन्यमान कमी असल्यामुळे सपाट मातीचे छत या प्रदेशाला परवडत होते. जाड भिंती आणि मातीचे छत यांमुळे चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यातही आतील भाग थंड राहत असे.

माळवदाची अंतर्गत रचना पाहिली असता त्याच्या केंद्रस्थानी धान्य असल्याचे दिसते. भिंतीत किंवा माजघराच्या एका अंगाला धान्यासाठी ‘बळद’ असे. मोठ्या शेतकऱ्याकडे जमिनीखाली ‘पेव’ असे. लहान घरात कणगी आणि मडक्यांची उतरंड असे. ज्वारी हे मुख्य पीक होते आणि ती पुढच्या सुगीपर्यंत, शक्य तर त्याही पुढे, पुरवायची असे. दुष्काळी प्रदेशात साठवलेले धान्य म्हणजे पत, आणि बळद भरलेले असणे म्हणजे प्रतिष्ठा. सोयरीक जुळवताना घराच्या बाह्य सजावटीपेक्षा धान्याची साठवण पाहिली जाई, ती यामुळेच.

पीकपद्धती बदलल्यावर घराचा हा गाभाच रिकामा झाला. ज्वारीखालील क्षेत्र घटले. कापूस आणि सोयाबीन ही विक्रीची पिके आली. बळदाचे काम संपले. आजच्या घरात भाव वाढण्याची वाट पाहत कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला दिसतो. साठवण आजही आहे, परंतु तिचा अर्थ बदलला आहे. बळदातील ज्वारी वर्षभराची निश्चिती देत होती. खोलीतील कापूस बाजाराची अनिश्चितता घरात आणतो. घराची पत धान्यावरून रोख पैशाकडे सरकली आणि त्या पैशाचे दृश्य रूप म्हणून घराचा दर्शनी भाग महत्त्वाचा ठरू लागला.

४. वाडा आणि गढी : सत्तेचे घर

निजामी राजवटीतील मराठवाड्यात देशमुख, पाटील, देशपांडे अशा वतनदारांचे वाडे आणि गढ्या ही सत्तेची स्थाने होती. गढी उंच जागी, जाड तटाची आणि बुरुजांची असे. ‘गढीवरचे’ हा शब्द एखाद्या घराण्याची ओळख म्हणून वापरला जाई. वाड्यात शिरताना प्रथम ‘ढाळज’ लागे. बाहेरचा माणूस ढाळजेत थांबे, ओळखीचा ओसरीवर येई, नातेवाईक माजघरापर्यंत जाई. कोणाला कोठवर प्रवेश आहे यावरून त्याचे सामाजिक स्थान निश्चित होत असे. काहींना तर ढाळजेचीही पायरी चढता येत नसे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करण्यात आल्या आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला. वतनाचा आर्थिक आधार गेल्यावर वाड्यांची देखभाल कठीण झाली. पुढे वाटण्यांमुळे एका चौकाचे चार भाग झाले, एका भिंतीवर माळवद, दुसरीवर पत्रा, तिसरीवर स्लॅब अशी संमिश्र रूपे निर्माण झाली. घराण्याची सुशिक्षित पिढी बीड, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे स्थायिक झाली. अनेक गावांत गढीचा ढिगारा उरला आणि सारवण-लिंपणासाठी गावकरी त्याची माती नेऊ लागले. ज्या गढीची पायरी चढण्याची मुभा नव्हती, तिची माती गावातील सामान्य घरांच्या भिंतींना लागली. हा एक नकळत घडलेला सामाजिक बदलच म्हणावा लागेल.

५. गावकुसाबाहेरील घर : मालकीचा प्रश्न

आपलेपणाचा विचार करताना गावकुसाच्या आतील घरांपाशी थांबता येत नाही. दलित वस्त्या गावाच्या कडेला होत्या. त्यांची नावे जातीवरून पडलेली होती. १९५६ च्या धम्मचक्र प्रवर्तनानंतर या वस्त्यांनी स्वतःला नवी नावे दिली. भीमनगर, सिद्धार्थनगर अशी नावे ही वस्तीने स्वतः निवडलेली ओळख होती. महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला. वस्त्यांनी तो कित्येक दशके आधीच अमलात आणला होता. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्यांना मोठे स्थान आहे. भिंतीवरील बाबासाहेबांची आणि बुद्धांची प्रतिमा व जात्यावरील ओवी या दोन्हींतून घर हे नव्या अस्मितेचे स्थान बनले.

तथापि वस्तीचे नाव बदलले तरी खालच्या जमिनीचा प्रश्न शिल्लक राहतो. भूमिहीन दलित, भटके-विमुक्त आणि पारधी कुटुंबांनी गायरानावर शेती व घरे केली. एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियान यांनी बीड जिल्हा केंद्रस्थानी ठेवून मराठवाड्यात गायरान हक्काचा लढा उभारला. १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अतिक्रमणांच्या नियमितीकरणाचा निर्णय शासनाने घेतला असला, तरी कागदपत्रांअभावी अनेकांचा हक्क अधांतरी राहिला. २०२२ मध्ये गायरान अतिक्रमणांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा ही अनिश्चितता पुन्हा ऐरणीवर आली. पाल ठोकून राहणाऱ्या पारधी कुटुंबाला तर घर म्हणजे प्रथमतः कोणीही न हुसकावणे, एवढाच अर्थ असतो.

लमाण तांड्यांची स्थिती वेगळी असली, तरी प्रश्न त्याच जातीचा आहे. तांडा बहुधा नाईकाच्या नावाने ओळखला जातो. त्याचे देवस्थान आणि पांढरे निशाण तांड्याची ओळख सांगते. मात्र महसुली नोंदीत अनेक तांडे शेजारच्या गावाचा भाग म्हणूनच दिसतात. गावठाणाबाहेरील घराला मालमत्ता पत्रक मिळणे कठीण जाते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणी प्रामुख्याने गावठाणापुरती असल्याने हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. घर आहे, नावही आहे, परंतु नोंद नाही, अशी ही अवस्था आहे.

६. किल्लारीचा भूकंप आणि मातीवरील विश्वास

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाने हजारो माणसांचा बळी घेतला. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि छतावरील मातीचा प्रचंड भार ही जीवितहानीची प्रमुख कारणे ठरली. दरवर्षी नवी माती टाकण्याच्या पद्धतीमुळे जुन्या माळवदांवरील भार वाढतच गेलेला होता. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले, त्याच घराने माणसे गाडली, ही जाणीव संपूर्ण मराठवाड्याला हादरवून गेली.

वास्तविक दोष मातीचा नव्हता. भिंतींत आरपार सांधणारे दगड नसणे, कोपरे नीट न बांधणे आणि छताचा भार न कमी करणे हे दोष होते आणि ते दुरुस्त करता येण्याजोगे होते. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचाही अंतर्भाव होता. पण लोकमानसात माळवद हे भीतीचे प्रतीक झाले. बीड जिल्हा या आपत्तीच्या केंद्राबाहेर असला तरी ‘मातीचे घर नको’ ही भावना येथेही रुजली. दुसरीकडे, पुनर्वसित गावांतील सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा यांना लोकांनी पुढील काळात कुंपणभिंती, गोठे आणि पडव्या जोडून आपल्या सवयीप्रमाणे बदलून घेतले. दिलेल्या घराचे आपले घर होण्यासाठी त्यात स्वतःचा हात लागावा लागतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

७. कोपी आणि कुलूप

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी पती-पत्नीची जोडी, म्हणजेच ‘एक कोयता’, पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील कारखान्यांकडे निघते. ट्रक, ट्रॅक्टर किंवा बैलगाडीत धान्याची पोती, भांडी, अंथरूण, शेळ्या-कोंबड्या असा संसार भरला जातो. मार्च-एप्रिलपर्यंत, हंगाम लांबल्यास त्याहीपुढे, मुक्काम तळावर असतो.

तळावर पोहोचल्यावर पहिले काम कोपी उभारण्याचे. बांबू, चटई, उसाचे पाचट आणि वरून ताडपत्री किंवा जुनी साडी यांतून काही तासांत ती उभी राहते. आत वाकूनच जावे लागते. चूल बाहेर, बैल शेजारी, वीज आणि शौचालय बहुधा नाही. त्या कोपीला क्रमांक नसतो, उंबरठा नसतो. हंगाम संपला की ती मोडली जाते. वर्षातील पाच-सहा महिने ज्या जागी स्वयंपाक झाला, आजारपणे काढली, प्रसंगी बाळंतपण झाले, त्या जागेची कोठेही नोंद राहत नाही.

येथे एका सांस्कृतिक साम्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई परिसरात मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे ‘येळवशी’ला, शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा करतात, आप्तेष्टांना शेतात जेवू घालतात. हा सण डिसेंबर-जानेवारीत, ऐन गळीत हंगामात येतो. गावी राहिलेला शेतकरी त्या दिवशी स्वतःच्या रानात एका दिवसापुरती कोप उभारतो, ती काळ्या आईविषयीच्या कृतज्ञतेची खूण असते. त्याच वेळी त्याच परिसरातील तोडणी कामगार परक्याच्या रानात पाचटाच्या कोपीत हंगाम काढत असतो. रचना जवळपास सारखीच आहे. एक कोप आपलेपणाची आहे आणि दुसरी त्याच्या अभावाची.

इकडे गावातील घराला कुलूप असते, किंवा म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी मुले तेथे असतात. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. मुलाच्या दृष्टीने पाहिल्यास घराचे तीन तुकडे होतात : आईवडील कोपीत, आजी-आजोबा गावात आणि मूल वसतिगृहात. भाद्रपदात घरी लक्ष्म्या बसतात तेव्हा हे तिन्ही तुकडे एकत्र येतात. म्हणूनच या सणाच्या सजावटीवर ऐपतीबाहेर खर्च होतो, तो निव्वळ हौसेपोटी होत नाही. कुटुंब एका छताखाली असण्याचा तो काळ असतो.

८. वर सोडलेल्या सळया : स्लॅबचे घर

ज्या कुटुंबाचे अर्धे वर्ष कोपीत जाते, त्याची सर्वांत मोठी आकांक्षा स्लॅबच्या घराची असते. उचलीचा मोठा भाग लग्न, आजारपण आणि घर या तीन गोष्टींवर खर्च होतो. घरासाठी घेतलेली उचल फेडण्यासाठी पुन्हा तोडणीला जावे लागते, म्हणजे बांधलेल्या घरापासून पुन्हा दूर राहावे लागते. घर बांधून स्थलांतर संपत नाही. अनेकदा घरच स्थलांतर लांबवते.

तरीही या घराला ‘दिखाऊ खर्च’ म्हणणे अन्यायाचे होईल. तळावर ज्याला ‘कोयता’ या अवजाराच्या नावाने मोजले जाते, त्याला गावात स्वतःच्या नावाने उभे राहण्यासाठी या घराचा आधार असतो. दर्शनी भिंतीवरील टाइल्समध्ये विठ्ठल, भगवानबाबा किंवा बुद्ध असतो. मुस्लीम घरावर ‘माशाअल्लाह’ अशी अक्षरे असतात. ‘मातृछाया’, ‘आई-वडिलांची पुण्याई’, ‘रमाई’ अशी नावे दारावर झळकतात. नोकरदाराच्या घरावर ‘श्रमसाफल्य’ दिसते. धर्म, श्रद्धा, कष्ट आणि कृतज्ञता यांचे हे सार्वजनिक निवेदन असते. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड येथे भाड्याच्या खोलीत राहणारा तरुणही पहिली बचत गावातील घरात घालतो, याचे कारणही हेच आहे. शहरात तो भाडेकरू असतो. गावात त्याचे नाव दारावर असते.

या घरांच्या छतावर एक दृश्य सर्वत्र आढळते. खांबांच्या लोखंडी सळया स्लॅबच्या वर दोन-तीन फूट तशाच सोडलेल्या असतात. वरचा मजला कधीतरी, मुलाच्या लग्नाला, एखादे चांगले पीक आल्यावर बांधला जाईल या अपेक्षेने त्या ठेवलेल्या असतात. काहींना गंज चढतो, काहींवर पाण्याची बाटली उलटी घालून त्या झाकलेल्या असतात. मराठवाड्यातील माणसाची भविष्याविषयीची ओढ एखाद्या चिन्हात पाहायची झाल्यास ती या सळयांत पाहता येईल.

या घराची किंमत मात्र शरीराला मोजावी लागते. पातळ विटांच्या भिंती आणि उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता आत सोडतो. उन्हाळ्यात माणसे अंगणात किंवा छतावर झोपतात. नेमक्या याच महिन्यांत स्थलांतरित कुटुंब गावी परतलेले असते. म्हणजे हिवाळा उघड्या तळावर आणि उन्हाळा तापलेल्या स्लॅबखाली, असा या कुटुंबाचा ऋतुक्रम ठरतो.

९. घरकुल योजना आणि घराचे वेळापत्रक

१९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), तसेच राज्याच्या रमाई, शबरी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि मोदी आवास या योजना यांमुळे गरीब कुटुंबांच्या डोक्यावर छत आले, ही बाब निर्विवाद आहे. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असून सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. शिवाय रोजगार हमीतून अकुशल मजुरी आणि शौचालयासाठी स्वतंत्र अनुदान देण्यात आले. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार, त्या-त्या टप्प्यावरील जिओ-टॅग केलेल्या छायाचित्रांच्या आधारे खात्यात जमा होते.

ही रचना पारदर्शक आहे. परंतु ती वर्षभर गावात असणारे कुटुंब गृहीत धरते. ऊसतोड कुटुंब नोव्हेंबर ते मार्च गावात नसते. बांधकामास अनुकूल असलेला कोरडा आणि पाणी उपलब्ध असलेला काळ तोच असतो. ते परतते एप्रिलमध्ये, जेव्हा विहिरी आटलेल्या आणि टँकर सुरू झालेले असतात. सिमेंटच्या बांधकामाला तर आठवडाभर, शक्यतो अधिक दिवस, पाणी मारावे लागते. अन्यथा ते कच्चे राहते. पाणी विकत घ्यावे तर खर्च वाढतो, न मारावे तर घर कमकुवत होते. जूनमध्ये पेरणी येते. अपूर्ण राहिलेल्या घरकुलामागे लाभार्थ्याची उदासीनता हे एकच कारण मानले जाते, तेव्हा घराच्या वेळापत्रकातील हा मूलभूत विसंवाद दृष्टीआड होतो.

दुसरा प्रश्न आराखड्याचा आहे. शेळी बांधण्याची जागा, चूल, कापूस किंवा सोयाबीन ठेवण्याची जागा, म्हाताऱ्यांना बसायला ओसरी या गरजा मंजूर क्षेत्रफळात बसत नाहीत. त्यामुळे घरकुलासमोर पत्र्याचे सपार उभे राहते आणि कुटुंबाचा दिवस प्रत्यक्षात त्या सपरातच जातो. आतील खोलीत कपाट, दूरचित्रवाणी संच आणि पाहुणे असतात.

१०. स्त्री आणि घराची मालकी

घराविषयीची ओढ स्त्रीच्या बाबतीत अधिक गुंतागुंतीची आहे. माहेर तिचे राहत नाही आणि सासरच्या घरावर तिचे नाव नसते. सारवण, पोतेरा, चूल घालणे, माळवदावर कुरडया-पापड वाळवणे या कामांतून घर घडवणारी तीच असते. तळावर कोपीतील चूलही तीच मांडते. शिवाय कोयत्याचा अर्धा भाग तिच्याच श्रमाचा असतो. उचल मात्र बहुधा पुरुषाच्या हाती पडते. घरकुल योजनेत मंजुरी पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर स्त्रीचे नाव येणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी नोंद आहे. परंतु पती वारल्यास किंवा त्याने टाकून दिल्यास घराबाहेर न पडण्याचा आधार तिला या नोंदीतूनच मिळतो. आपलेपणाची भावना आणि मालकीचा कागद यांचा संबंध येथे सर्वाधिक ठळक होतो.

११. निष्कर्ष

१) बीड जिल्ह्यातील माळवद गावच्या मातीतून आणि साठवलेल्या धान्यातून ओळख मिळवत होते. स्लॅबचे घर बाहेरून आणलेल्या साहित्यातून आणि बाहेर केलेल्या श्रमातून उभे राहते. तरीही दोन्ही घरे गावात आपले स्थान सिद्ध करण्याचे एकच कार्य करतात.

२) गढीपासून गायरानापर्यंतचा विचार करता आपलेपणा हा भावनेइतकाच नोंदीचाही विषय आहे. गावठाण, तांडा, वस्ती आणि गायरान येथील घरांना सारख्या स्वरूपाची कायदेशीर मान्यता नाही, तोवर ही भावना असुरक्षित राहील.

३) ऊसतोड कुटुंबासाठी घर हे स्थलांतराचे कारणही आहे आणि त्याचे सांत्वनही. कोपी हे त्याच कुटुंबाचे दुसरे घर मानून तळावरील पाणी, वीज, शौचालय आणि सुरक्षितता यांचा विचार गृहनिर्माण धोरणात झाला पाहिजे. हा केवळ कामगार कल्याणाचा विषय मानणे अपुरे आहे.

४) घरकुलाचे हप्ते आणि मुदती स्थलांतराच्या वेळापत्रकाशी जुळवणे, बांधकामासाठी पाण्याची सोय करणे आणि आराखड्यात ओसरी, साठवण व जनावरांची जागा यांना स्थान देणे हे उपाय मोठ्या खर्चाशिवाय शक्य आहेत.

५) माळवदाची उष्णतारोधक गुणवत्ता आणि भूकंपसुरक्षित बांधणी यांचा मेळ घालणारे तंत्र स्थानिक गवंड्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. जुन्या माळवदांचे मोजमाप, छायाचित्रण आणि बळद, ढाळज, साणे यांसारख्या शब्दांची नोंद हे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल, समाजशास्त्र आणि मराठी विभागांना आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करता येईल. या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे आईवडील हंगामात तळावर असतात आणि गावातील घराची किल्ली त्यांच्याच खिशात असते. त्यामुळे या अभ्यासासाठी अधिक जाणते क्षेत्रसंशोधक अन्यत्र मिळणे कठीण आहे.